कानातली पाणसळ

अहो,

आज सकाळी पुन्हा न्हाणीच्या दाराशी जाऊन उभी राहिले. आत कुणीच नव्हतं. बंब थंड, तांब्या पाटावर उपडा, दार सताड उघडं. तरी मी चौकटीला कान लावून उभी. शेजारच्या वानखडेबाबांची सून विरजण मागायला आली होती. मला तशी पाहून तिने पदर तोंडाला लावला आणि आल्या पावली परत गेली. तिला वाटलं असेल, बाई रडतेय. मी रडत नव्हते हो. तांब्याचा आवाज येतो का, ते ऐकत होते.

तुम्हाला जाऊन पुरता महिनाही झालेला नाही. इतक्या वर्षांची सवय अशी कशी सुटेल?

तुमच्या आंघोळीची मला जेवढी धास्ती होती, तेवढी तुमच्या क्षयाचीसुद्धा नव्हती. डोक्यावर पाणी ओतलं की माणूस डोळे मिटतो, त्यात नवल ते काय. पण तुम्ही डोळे मिटले की वर कुठे आणि खाली कुठे हेच तुम्हाला कळेनासं व्हायचं. एकदा पाटावर बसल्या बसल्या कलंडलात आणि बंबावर कपाळ आपटून घेतलंत. त्यानंतर मी फर्मान काढलं, आत असेपर्यंत तोंड बंद ठेवायचं नाही. मग तुम्ही नोकरीत फिरलेली गावं मोठमोठ्याने म्हणायला लागलात. भातकुली, रिद्धपूर, नांदगाव खंडेश्वर आणि मधली सगळी खेडीपाडी. नांदगाव म्हणेपर्यंत साबण तोंडाशी यायचा आणि खंडेश्वर आतच राहायचं. "अवो, खंडेश्वर म्हणा न पुरं!" मी बाहेरून ओरडायची. आतून तुमचं फिसकन हसणं ऐकू यायचं. ते ऐकलं की मी चुलीकडे वळायची.

"माहे कान गेले ते तुह्याच अंगात येऊन बसले वं," डोकं पुसत बाहेर येताना तुम्ही म्हणायचात.

भेटायला येणारे तुमच्या आजाराबद्दल विचारतात, तुमच्या गुरांच्या दवाखान्याबद्दल विचारतात, पेन्शनचं काय म्हणून विचारतात. चांद्याबद्दल कुणी विचारत नाही. आणि मला तर चांद्याला वगळून तुमची गोष्ट सांगताच येत नाही.

चांद्या म्हणजे पुंजाजींचा बैल. पुंजाजी भातकुलीकडचे शेतकरी, तुमच्याच वयाचे, तोंडाने फटकळ. आपलं महाराष्ट्र राज्य व्हायच्या थोडं आधीची गोष्ट. मी शिकवायची त्या शाळेला उन्हाळ्याची सुटी लागली होती, म्हणून तुम्ही मला सायकलवर डबलसीट घेऊन गेला होतात. ढोर डॉक्टरची बायको सायकलवर आलेली पाहायला अर्धं गाव जमलं होतं, पण माझं लक्ष त्या बैलाकडे. कपाळावर पांढरा ठिपका असलेला तो दांडगा बैल गोठ्याबाहेर चारी पाय फाकवून उभा होता. डोकं डावीकडे इतकं कललेलं, की डावा कान जमिनीकडे आणि उजवा आभाळाकडे. बुबुळं आपोआप एका बाजूला सरकत आणि झटक्याने परत येत. सोडला की डावीकडे गोल गोल फिरायचा आणि फिरता फिरता डाव्या कुशीवर कोसळायचा. जनावर इतकं भ्यालेलं मी कधी पाहिलं नव्हतं. कुणी म्हणे वारं लागलं, कुणी म्हणे करणी केली. तुम्ही त्याच्या कानात बोट घातलंत, बोटाचा वास घेतलात आणि म्हणालात, "कान सडला भाऊ. पू पार आत उतरला."

घरी आल्यावर मी विचारलं, कान सडला तर बैल पायांवरून कसा काय पडतो?

तुम्ही माझ्या हातातल्या तीन बांगड्या उतरवल्या. एक आडवी धरलीत, दोन उभ्या, एकमेकींना काटकोनात. "अशा तीन नळ्या असतात आत, पाण्यानं भरल्या. गवंड्याची पातळी पाहाची पाणसळ असते न, तशी." डोकं हललं की नळीतलं पाणी हलतं आणि मान कुठे वळली त्याची खबर मेंदूला जाते. डाव्या-उजव्या दोन्ही कानांची खबर जुळली की जनावर सरळ उभं राहतं, मांडवाच्या खांबाला दोन्हीकडून टेके दिल्यासारखं. एक टेका काढला की खांब त्याच अंगाला कलतो. तुम्ही बोलताना इतके रंगला होतात, की बांगड्या परत चढवताना एक फोडलीत. मी चांगलीच करवादले होते. आज ते तिन्ही गोल तुमच्या बोटांत धरलेले जसेच्या तसे दिसतात, आणि वाटतं, तेव्हा आणखी थोडं ऐकून घ्यायला हवं होतं.

चांद्याच्या कानाला औषध लागू पडलं, पू थांबला. डोकं मात्र कललेलंच राहिलं आणि गोल फिरणं काही जाईना. वखराला सरळ तास धरेना. तेव्हा पुंजाजींनी डोकं चालवलं. "साहेब, हा तं गोलच फिरते. मंग तेल्याच्या घाण्याले काहून नाही लावा?"

तुम्ही खो खो हसलात, आणि तुम्हाला ते पटलंसुद्धा. शेतातली खोड घाण्यावर गुण ठरणार होती. घरी येऊन तुम्ही मला पुंजाजींच्या अकलेचं कोण कौतुक सांगितलंत. दुसऱ्या दिवशी तेल्याने रिवाजाप्रमाणे चांद्याच्या डोळ्यांवर ढापणं बांधली. फिरून फिरून घेरी येऊ नये म्हणून घाण्याच्या बैलाला ती बांधतातच, त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. चांद्याने एक पाऊल टाकलं आणि अख्खा बैल जुवासकट आडवा झाला. उठवला, पुन्हा पडला. ढापणं सोडली तेव्हा कुठे थरथरत उभा राहिला.

त्या दिवशी तुम्ही ताटावरून उठलात. "मले समजाले पायजे होतं," एवढंच किती वेळ म्हणत राहिलात. "कान त्याले काही सांगत नव्हते. म्हून तो डोयानं जमीन पाहून उभा राहे. आमी त्याचे डोयेच बांधले."

मी ताट झाकून ठेवलं. तुमचा चेहरा पाहून मला वाटलं होतं, एका बैलापायी एवढं काय ते. हे वाक्य पुढे आपल्याच घरात राहायला येणार आहे, याची मला काय कल्पना.

पुंजाजी इतके हबकले, की त्यांनी चांद्याला आखूड दोरीने गोठ्यात बांधून टाकलं आणि पडू नये म्हणून दोन्ही बाजूंना कडब्याच्या पेंढ्या रचल्या. तुम्ही जाऊन त्या पेंढ्या लाथेने उडवल्यात.

"सोड त्याले. बांधून ठेवशीन तं जन्मात शिकन नाही."

"अन् पाय मोडला तं?"

"मऊ रानात चालव. पडू दे. आता आपलं काम वाढलं, हे डोयाले अन् पायाले पडल्याबिगर कसं समजन?"

मग वखरलेल्या काळ्या रानात एका खांद्याशी पुंजाजी, दुसऱ्या खांद्याशी तुम्ही आणि मधे चांद्या. तो पडला की तिघेही मातीत. पावसाळा तोंडावर येईपर्यंत तो गाडीला जुंपण्याइतका सावरला. मान तेवढी जन्मभराची वाकडी राहिली. पोळ्याला पुंजाजी त्याची शिंगं रंगवत, झूल घालत, पण डोळ्यांवर येईल असं बाशिंग त्यांनी त्याला कधी बांधलं नाही. गावाने नावं ठेवली, तरी नाही.

आणि मग तुमची पाळी आली.

खोकला, संध्याकाळचा ताप, रुमालावर रक्त. नशीब एवढंच, की क्षयावर सुया निघाल्या होत्या; आपल्या आधीच्या लोकांना त्याही मिळाल्या नव्हत्या. अकोल्याला माझ्या माहेरी राहून तुम्ही त्या स्ट्रेप्टोमायसिनच्या सुया घेतल्यात. छाती साफ झाली, अंगावर मांस चढलं, माझ्या आईने साखर वाटली. आणि एका तिन्हीसांजेला, दिवे लावायच्या आधी, तुम्ही अंगण ओलांडता ओलांडता मधेच खाली बसलात.

"चक्कर आली का?" मी धावत आले.

"नाही वं. मले जमीनच नाही सापडून राहिली."

डॉक्टरांनी सांगितलं, औषधाने रोग मारला आणि जाता जाता कानातली ती पाणसळही मारली. ऐकू येणं शाबूत, तोल गेला. ती परत यायची नाही. तुम्ही शांतपणे ऐकून घेतलंत. बाहेर आल्यावर मला म्हणालात, "चांद्याचा एक टेका गेला होता, माहे दोन्ही गेले. म्हून पाह्य, मी कोन्या अंगाले कलत नाही. जिकडे तोंड असन तिकडेच पडतो." आणि हसलात. मला त्या हसण्याचा इतका राग आला, की टांगा येईपर्यंत मी तोंड फिरवून उभी होते. पण हात तुमच्या कोपराखाली होता.

त्या सुयांना मी शिव्या घातल्या की तुम्हाला खपत नसे. "जित्ता हाओ न मी?" एवढंच म्हणायचात. हे तुमचं बरोबर होतं. त्या सुयांनीच मला तुमची आणखी वर्षं दिली, भांडणांसकट. त्याबद्दल मी कृतज्ञ आहे. तुमच्यासमोर हे कधी कबूल केलं नसतं.

पण काय वर्षं होती ती. चालायला लागलात की तुमच्यासमोर रस्ता, दुकानांच्या पाट्या, माणसांचे चेहरे, सगळं उड्या मारायचं. थांबल्याशिवाय माणूस ओळखू येत नसे. इथे अमरावतीत लोक म्हणायला लागले, डॉक्टर शिष्ट झाले. मग तुम्ही समोर हलताना दिसेल त्याला "जय भीम" करायला लागलात. एकदा शिंप्याच्या दुकानाबाहेर टांगलेल्या कोटालाही केलात, आणि वर मला म्हणालात, "त्यानं उत्तर नाही देल्लं, शिष्ट हाये." रस्त्यात मी हसून हसून बेजार झाले, आणि त्याच वेळी माझा एक डोळा तुमच्या पुढच्या दगडावर होता.

अकोल्याहून परत आल्याबरोबर मी घरभर दोरी बांधली. खाटेपासून न्हाणीपर्यंत, न्हाणीपासून अंगणापर्यंत, कमरेच्या उंचीवर, खिळे ठोकून. तुम्ही ती नुसती पाहिलीत. दुसऱ्या दिवशी शाळेतून येऊन बघते तर दोरीवर धोतरं वाळत होती.

"कामाची चीज केली," तुम्ही म्हणालात.

"अवो, ते धरून चाला म्हणून बांधली मी!"

"मी काय गोठ्यातला चांद्या हाओ?"

"चांद्याले चार पाय होते!"

"म्हून तं मले जास्त पडा लागन."

मी हात टेकले. तुम्ही पुंजाजींना निरोप धाडलात आणि त्याच वखरलेल्या रानात चालायला शिकलात. आता मधे तुम्ही होतात, आणि पुंजाजी तुमचे दोन्ही खांदे मागून धरून. डोळे उघडे ठेवून चाला, डोळे मिटून चाला, पडा, उठा, पुन्हा. मी वर्गात मुलांना पाढे म्हणायला लावायची आणि खिडकीतून रस्त्यावर डोळे. मुलांचे पाढे कधीच संपून वर्ग गप्प झालेला असायचा, माझ्या गावीही नसायचं. तुम्ही काळ्या मातीने माखून घरी आलात की आधी हात, मग गुडघे, मग कपाळ तपासायची आणि मग बोलायची. पडायचात तुम्ही, पण पायाखालची जमीन माझी सरकायची. तुम्ही ज्या दिवशी परत सायकलवर बसलात, त्या दिवसापासून मी आठवडाभर तुमच्याशी अबोला धरला होता. तुम्हाला तो जाणवला की नाही, कोण जाणे. तुम्ही सारखी घंटी वाजवत येत होतात.

तुमचं म्हणणं, बांधलेलं जनावर शिकत नाही. माझं म्हणणं, मेलेलंही शिकत नाही. हा आपला वाद न्हाणीच्या दाराशी, चुलीपाशी, पाहुण्यांसमोर, सगळीकडे झाला आणि कुठेच मिटला नाही.

शेवटच्या दिवशीही तोच होता. तुम्हाला दुसऱ्या दिवशी गुरांना लस टोचायला रिद्धपूरला जायचं होतं. तिथे यात्रेची गर्दी, ढोरांचे धक्के, शेणाने निसरडी झालेली वाट, आणि थंडीत अंधार लवकर पडतो. आदल्या रात्रीपासून माझ्या डोळ्याला डोळा नव्हता.

"मी येते संगं," मी म्हणाले.

"शाळा हाये न उद्या तुही?"

"रजा टाकते."

तुम्ही अंगणात खुर्चीत बसला होतात. रुंद हातांची ती खुर्ची मीच हट्टाने करवून घेतली होती, कलंडलात तरी अडकाल म्हणून. तुम्ही माझ्याकडे मान वर करून पाहिलंत. रागाने नाही. रागाने पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

"किती दिवस दोरी धरून बसशीन वं? सोड न आता."

"अन् तुमी पडले तं?"

तुम्ही काही बोलला नाहीत. मी पदर खोचून आत गेले आणि कणीक मळायला घेतली.

काय बोलणार होतात? मी अजून त्या उत्तराची वाट पाहते. "पडीन अन् उठीन" असंच काहीतरी म्हणाला असतात, मला ठाऊक आहे. आणि मला ते तेव्हाही पटलं नसतं, आजही पटत नाही. पण तुम्ही म्हणायला हवं होतं. मी परत बाहेर आले असते भांडायला.

शाळेला सुटी होती, अंगणात स्वच्छ ऊन होतं. मी कणीक मळत होते आणि कान तुमच्याकडे. इतक्या वर्षांत तुमच्या पडण्याचे सगळे आवाज मला पाठ झाले होते. गुडघ्यावर पडलात तर कसा, कुशीवर पडलात तर कसा. त्या दिवशी कसलाच आवाज झाला नाही. मनात आलंही, आज गडी मुकाट्याने बसलाय, चिडलाय वाटतं. पोळ्या आताच टाकू का विचारायला बाहेर आले, तर तुम्ही खुर्चीत ताठ बसलेले, दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर, डोळे उघडे, नजर फाटकाकडे. हृदय बंद पडलं, डॉक्टर म्हणाले. मी डोळ्यांत तेल घालून तुमच्या पायांवर पहारा दिला, आणि ते छातीतून आलं. तुम्ही पडला नाहीत हो. एवढी मी ज्याला भ्याले, ते झालंच नाही.

माणसं जमली. तुम्हाला खुर्चीतून उचलून खाली सतरंजीवर घेतलं. पुंजाजी दर थंडीत हरभऱ्याचा ढाळा घेऊन येतात, तसे ते नेमके त्या दुपारी गाडी जुंपून आले आणि फाटकातच थबकले. मागे गाडीला चांद्या, आता म्हातारा झालेला, मान तशीच कलती. ढाळ्याची पेंडी काखेत धरून ते तसेच उभे राहिले.

वानखडेबाबा त्रिसरण म्हणायला पुढे आले होते. सुरुवात करण्याआधी ते वाकले आणि तुमचे उघडे डोळे मिटायला त्यांनी हात पुढे केला. मला काय झालं ठाऊक नाही. मी झडप घालून त्यांचं मनगट धरलं.

"डोये झाकू नका!" मी ओरडले. "पडतीन ते!"

तुम्ही जमिनीवर आडवे होतात. तिथून कुठे पडणार होतात? मला कळत होतं. तरी माझ्या हातातून ते मनगट सुटत नव्हतं. मागून कुणी बाई म्हणाली, हिचं चित्त ठिकाणावर नाही, आत न्या तिला. वानखडेबाबा माझ्या तोंडाकडे पाहत राहिले.

समजलं ते एका पुंजाजींना. त्यांनी पेंडी खाली ठेवली, माणसांतून वाट काढत आले आणि तुमच्या उशाशी गुडघे टेकून बसले. रानात धरायचे तसे त्यांनी तुमचे दोन्ही खांदे दोन्ही हातांनी घट्ट धरले.

"झाकू द्या बाई," ते म्हणाले. "मी धरून राहिलो न साहेबाले. नाही पडू देत."

मग मी हात सोडला.